याडी आणि सायरनची तार

गाडीचा सायरन उगाच ओरडायला लागला की त्याची तार कापून देणारे मिस्त्री पुसदमध्ये गल्लोगल्ली होते. पाच मिनिटांचं काम. डॅशबोर्डखाली हात घालायचा, तार चाचपायची, पक्कड दाबायची, गाडी गप्प. अख्ख्या गावात या कामाला साफ नाही म्हणणारं माणूस एकच होतं, आणि ती पन्नाशी उलटलेली बाई होती.

आम्ही सगळे ड्रायव्हर तिला याडी म्हणायचो. ती बंजाऱ्यांच्या तांड्यावरची. त्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई. तिचं नाव दुकानावर नव्हतं, कारण दुकानावर पाटीच नव्हती. चार पत्र्यांचं शेड, आत एक लाकडी पेटी, भिंतीला टांगलेल्या जुन्या तारांची भेंडोळी आणि बाहेर बसायला गाडीतून काढलेली एक सीट. साडीवर नवऱ्याचा फुल बाह्यांचा शर्ट, जसा आमच्याकडे बाया कापूस वेचायला जाताना घालतात तसा. हातात बांगडी नाही. नवरा तांड्यावर शेती करत होता, चांगला धडधाकट, आणि ही मोकळ्या हातानं फिरते म्हणून बायका कुजबुजायच्या. एकदा एकीनं तोंडावर विचारलं तेव्हा याडीनं तिला मनगटावरचा भाजल्याचा पांढरा डाग दाखवला. बॅटरीच्या टर्मिनलला पाटली टेकली होती. त्यानंतर तिनं सायकलच्या ट्यूबचे काळे रबरी गोल कापून हातात घातले. म्हणाली, "हे घे. बांगड्याच हायत. अन् करंट बी लागत नाही."

ती या धंद्यात आली ती रागानं. नवऱ्यानं कधीकाळी जुनी काळीपिवळी जीप घेतली होती, तांड्यावरून पुसदला सवाऱ्या आणायला. तिची वायरिंग जळली. मिस्त्री आज ये, उद्या ये करत राहिला आणि प्रत्येक वेळी एक जास्तीचं काम काढत गेला. चौथ्यांदा याडीनं जीप परत आणली, आवारात उभी केली आणि स्वतःच सगळ्या तारा बाहेर ओढल्या. कुठली तार कुठून निघाली हे ध्यानात राहावं म्हणून प्रत्येकीला लुगड्याची वेगळ्या रंगाची चिंधी बांधली. आठ दिवस जीप उघडी पडून होती. नवव्या दिवशी हेडलाईट लागला. मी तिला विचारलं होतं, "कोणी शिकवलं?" तर म्हणाली, "त्या मिस्त्रीनं. त्यानं मले खोटं सांगतलं नसतं, त म्या कायले हात घातला असता?"

गाडी आली की ती मालकाशी बोलत नसे. "तुम्ही तिकडे बसा. गाडीसंग कोण राह्यते?" मग ड्रायव्हरला पुढे बोलवायची आणि डॉक्टरनं नाडी पाहताना विचारावं तसे प्रश्न विचारायची. आवाज कधी येते? पाण्यात का उन्हात? दार जोरानं लावल्यावर येते का हळू? माझ्या आयुष्यात माझं कोणी एवढं लक्ष देऊन ऐकलं नव्हतं. मालकाच्या गाडीला धक्का लागला की माझी चूक, गाडी नीट चालली की कंपनीची करामत. याडीकडे मात्र ड्रायव्हरचा शब्द पहिला.

एका मुख्याध्यापकांच्या कारचा अलार्म रोज दुपारी चारच्या सुमाराला बोंबलायचा. बरोबर शाळेच्या शेवटच्या तासाला. पोरं टाळ्या वाजवायची. सर तार कापून घ्यायला आले होते.

"लेकरू रडलं त तोंड दाबता का?" याडीनं विचारलं.

"अहो, पण कारण काहीच नाही ना!"

"कारण हाय. ते चार वाजता येते. तुम्ही तवा वर्गात राह्यता."

दुसऱ्या दिवशी ती जेवणाचा डबा घेऊन शाळेच्या आवारात गेली आणि कारसमोर पोतं टाकून बसली. दोन तास नुसती बसून. चारच्या आधी कडुनिंबाची सावली सरकली, बॉनेटवर ऊन आलं, आणि थोड्या वेळात सायरन सुरू. बॉनेटखाली एक छोटं बटण असतं. बॉनेट उघडलं की ते सुटतं आणि गाडी ओरडते. सरांच्या गाडीच्या बॉनेटखालचं रबर झिजलं होतं. पत्रा तापून केसभर वर आला की बटण सुटायचं, आणि गाडीला वाटायचं चोर आला. याडीनं जुन्या चपलेचा तुकडा कापून तिथं बसवला. सर म्हणाले, एवढ्यासाठी दोन तास? ती म्हणाली, "फॉल्ट आपल्या टाइमावर येते. आपल्याले त्याच्या घरी जा लागते."

तिचा आणखी एक नाद होता. दिसेल ते मोठ्यानं वाचायची. चाळिशी ओलांडल्यावर ती वाचायला शिकली, तेही एसटीच्या पाट्या आणि फ्यूजच्या डब्यावरची झाकणं वाचून. त्यामुळे बोट ठेवून, एकेक अक्षर फोडून वाचायची. खताच्या पोत्यावरचं, लग्नाच्या पत्रिकेवरचं, माझ्या लायसनवरचं. आम्ही हसायचो. ती थांबायची नाही. "तुम्ही भरभर वाचता," म्हणायची, "म्हणून तुमाले काही दिसत नाही."

व्होल्ट मोजायचा मीटर तिच्याकडे होता, पण पेटीच्या तळाशी. ती वापरायची एक जुना इंडिकेटरचा बल्ब, त्याला जोडलेल्या दोन तारा आणि टोकाला चिमटे. "मीटर आकडा सांगते. बल्ब काम करून दाखवते," असं ती म्हणायची. मला ते म्हातारपणाचं खूळ वाटायचं. पुढे याच बल्बवर माझी इज्जत टांगणीला लागणार आहे हे मला काय ठाऊक!

मी तेव्हा पुसदच्या एका कृषी केंद्राच्या मालकाची पिकअप चालवायचो. मागे बंद बॉडी, त्यात खताची पोती आणि फवारणीच्या औषधांचे खोके. गावोगावच्या दुकानांना माल पोचवायचा, कधी महागावकडे, कधी पार मारेगावपर्यंत. औषध महाग, म्हणून मालकानं गाडीत चोरीचा अलार्म बसवून घेतला होता. बसवला होता त्याच्याच पुतण्यानं. तिशीतला माणूस, गाड्यांच्या सामानाचं चकचकीत दुकान, काचेचं दार. मागचं दार कोणी फोडलं तर सायरन वाजायचा. सीटखाली एक लपवलेलं बटण होतं, ते दाबलं की अलार्म बंद. ते बटण कुठं आहे हे मालकाला, पुतण्याला आणि मला, तिघांनाच ठाऊक.

पावसाळ्यातली गोष्ट. मारेगावच्या वाटेवर एका गावात, नाव घेत नाही, मी भर दुपारी खानावळीत जेवायला थांबलो. गाडी तीस-चाळीस पावलांवर, रिमोट माझ्या खिशात. भाकर संपवून आलो तर मागचं कुलूप पहारीनं उचकटलेलं आणि औषधाचे खोके गायब. सायरन हूं की चूं नाही.

मीच ठाण्यात गेलो, मीच तक्रार लिहून दिली. संध्याकाळी मालक आणि पुतण्या आले. दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्याच्या आवारात पुतण्यानं गाडी तपासली, ठाणेदार आणि दोन पंच यांच्यासमोर. आधी सायरन काढून थेट बॅटरीला लावला. असा कर्कश ओरडला की झाडावरचे कावळे उडाले. "सायरन ठीक." मग सायरनकडे जाणाऱ्या तारेला मीटर लावला, मागचं दार उघडून अलार्म सुरू केला. मीटरवर आकडा आला, बारा पॉइंट चार. त्यानं मीटर सगळ्यांना फिरवून दाखवला. "तार ठीक. करंट येते. मग काल का नाही वाजला? बटण दाबून ठेवलं असंल तरच नाही वाजणार."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. बटण कुठं आहे हे ठाऊक असलेल्या तिघांपैकी काल गाडीजवळ मी एकटाच होतो. मी दहा दिवसांपूर्वी मालकाला सांगितलं होतं, गाडी लॉक करताना सायरनची चिवचिव बारीक येऊन राह्यली. मालक म्हणाला, "मला आठवत नाही." चार वर्षं ज्याची गाडी पोटच्या लेकरासारखी धुतली, त्यानं माझ्याकडे न पाहता हे म्हटलं. घरी बायकोला काय सांगायचं, फुलसावंगीत म्हातारा बाप आहे त्याच्या कानावर हे गेलं तर काय, एवढंच डोक्यात फिरत होतं.

मी बाजूला होऊन याडीला फोन लावला. सगळं सांगितलं. ती फोनवर कधीच जास्त बोलत नसे.

"बल्ब लावला का?" तिनं विचारलं.

"नाही. मीटरनं पाह्यलं. बारा दाखवते."

"गाडीले हात लावू देऊ नको कोनाले. निघालीच मी."

दुपारी दोनच्या एसटीनं ती उतरली. खांद्याला रेक्झिनची पिशवी, नवऱ्याचा शर्ट, हातात रबरी बांगड्या. पुतण्या तिला पाहून हसला. मालक नाही हसला. तिचं शेड मालकाच्या दुकानाशेजारच्या मोकळ्या जागेत उभं होतं, त्याच्याच जागेवर. तो तिला झाडाखाली घेऊन गेला. मी जवळच उभा होतो, मला सगळं ऐकू येत होतं.

"याडी, तू यात पडू नको. तार ठीक आहे एवढं म्हण आणि जा. दुकान कोणाच्या जागेवर आहे हे ध्यानात ठेव."

"ध्यानात हाय, भाऊ. जागा तुमची हाय." तिनं पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. "डोये माये हायत."

ती ठाणेदारापुढे गेली, हात जोडले आणि म्हणाली, "साहेब, मले दहा मिनिटं द्या. चूक निघाली त मलेच आत टाका." ठाणेदार तरुण होता, कंटाळलेला होता, पण कुतूहल मेलेलं नव्हतं. म्हणाला, बघा.

तिनं इंडिकेटरचा बल्ब काढला. आधी बॅटरीला लावून दाखवला, लख्ख पेटला. मग सायरनच्या तारेला एक चिमटा, बॅटरीच्या मायनसला दुसरा. "उघड दार," मला म्हणाली. मी मागचं दार उघडलं. बल्बमधली तार नुसती लाल झाली, विझत आलेल्या विडीसारखी. बस.

"यात लाव तुया मीटर," ती पुतण्याला म्हणाली. "बल्ब तसाच राहू दे." त्यानं लावला. या वेळी आकडा बारा नाही, दोनच्या आसपास आला.

"असं कसं?" ठाणेदार पुढे सरकला.

"साहेब, नळाले तोटी बंद करून पाह्यलं त पाइप भरलेलाच दिसते. तोटी उघडली का समजते, आत गाळ किती हाय. यानं तोटी न उघडता पाणी मोजलं. ह्या तारेत कुठीतरी गाळ हाय."

पुतण्याचा चेहरा उतरला, पण तो गप्प बसणाऱ्यातला नव्हता. "गाडीला हात तर तूच लावते नेहमी! हिनंच कुठं जोड मारला असंल, साहेब."

"माह्या जोडावर लाल दोरा राह्यते," याडी म्हणाली. "हेडलाईटचे दोन जोड माये हायत, पाहून घ्या. आता तुया जोड पाहू."

ती वाकली. वय झालेलं, गुडघे दुखायचे, तरी गाडीच्या पुढच्या दारापासून तार बोटानं चाचपत मागे मागे निघाली. सीटखाली गेली. पायाखालचं रबरी मॅट उचललं. तिथं तारेला काळी टेप गुंडाळलेली होती, चिखल आणि युरियाचे पांढरे दाणे चिकटलेली. युरियाची पोती मीच वाहायचो, बुटाला लागून दाणे आत यायचे, पावसात विरघळायचे. तिनं टेपला हात लावला नाही. "साहेब, पंच, इकडे या. तुमच्यासमोर खोलते. न्हाई त म्हणतीन, इनंच काही केलं."

टेप सुटली. आतून हिरवट-काळा भुगा पडला. तार सोल्डर न करता, कथील वितळवून न सांधता, नुसती पिळून टेप मारलेली. तांब्याचे बारा-पंधरा केस असतात तारेत, त्यातले सगळे सडून एखाद-दुसरा उरला होता. मीटरला तेवढा पुरे होता, सायरनला नाही. जाड आवाजाचा पुतण्या एकाएकी लहान दिसायला लागला. मालक दुसरीकडे बघत होता.

मला वाटलं, सुटलो. मी गाडीला टेकून उभा राहिलो. पण खरी लढाई पुढेच होती.

हवालदारानं पंचनामा लिहिला. पंचांनी सह्या केल्या, न वाचता, जशा आपण सगळेच करतो. कागद याडीपुढे आला. हवालदारानं शाईचं पॅड सरकवलं, अंगठ्यासाठी. तिनं पॅड बाजूला सारलं आणि कागदावर बोट ठेवलं.

"वा-ह-ना-च्या..."

हवालदारानं घड्याळ पाहिलं. मालक म्हणाला, "अगं, करून टाक." ती वाचत राहिली. एकेक अक्षर. एक ओळ, दोन ओळी, पाच ओळी. मला लाज वाटायला लागली, हे कबूल करतो. आता कशाला यांना चिडवते, असंही वाटलं. आठव्या ओळीवर बोट थांबलं.

"हे काय हाय? तो. त ले काना-मात्रा. तो-ड-ले-ली."

"हो. तार तोडलेली आढळली," हवालदार म्हणाला.

"म्या असं सांगतलं?"

"अहो बाई, तोडलेली काय, तुटलेली काय! एकच ते. चोरीत असंच लिहितात."

"एक कसं?" तिचा आवाज चढला. आवारातली माणसं वळून पाहायला लागली. "तुटलेली म्हणजे आपोआप. तोडलेली म्हणजे कोनीतरी तोडली. अन् कोनी तोडली, त गाडीपाशी कोण होतं? हे पोरगं होतं. एका शब्दानं तुम्ही याले आत टाकून राह्यले!"

हवालदार ओशाळला. वाईट माणूस नव्हता तो. हात सवयीनं चालला होता. "बरं, तुटलेली करतो."

"न्हाई. तुटली बी नाही. ते पाहा, एक केस अजून जुडून हाय. सडलेली लिहा. स, ड, ले, ली. अन् जोड पिळून टेप मारली होती, सोल्डर नव्हतं, हे बी लिहा."

"सगळा कागद पुन्हा लिहावा लागेल."

"लिहा. मी बसली हाय. साडेपाचची एसटी हाय, ती गेली त सकाळची हाय."

आणि ती खरोखर जमिनीवर बसली, पाय पसरून, बल्बच्या तारा गुंडाळत. ठाणेदार हवालदाराला म्हणाला, "लिहा नवीन." दुसरा कागद तिनं पुन्हा पहिल्या अक्षरापासून वाचला. तेव्हा मला लाज वाटली नाही. मी तिच्या शेजारी बसून तिच्या बोटामागे वाचत होतो. शेवटी तिनं सही केली. अंगठा नाही, सही. प्रत्येक अक्षर सुटं, एवढं मोठं की पंचांच्या दोन्ही सह्या त्यात मावल्या असत्या.

माझ्यावर काही आलं नाही. खोके कोणी नेले ते आजवर कळलं नाही. मी नोकरी सोडली, मालकानं काढून टाकायच्या आधीच.

महिन्याभरात मालकानं याडीला जागा खाली करायला सांगितलं. ती त्याच्या दुकानात गेली आणि भर गिऱ्हाइकात म्हणाली, "लिहून द्या, काहून काढून राह्यले. मले वाचता येते." त्यानं काही लिहून दिलं नाही. ती आठ दिवस आली, रोज तेच म्हणाली. नवव्या दिवशी तिनं स्वतःच्या हातानं शेड खोलायला घेतलं. आम्ही सात-आठ ड्रायव्हर मदतीला गेलो, तर पान्याला हात लावू दिला नाही. एकेक नट काढला, डब्यात भरला. पत्रे हातगाडीवर टाकले. मालक गल्ल्यावर बसून पाहत होता. जाताना ती त्याला म्हणाली, "भाऊ, तुमच्या कारचा रिव्हर्सचा लाइट जाते-येते. जोड ढिला हाय. पाहून घ्या." आणि गावाबाहेर, आमच्या फुलसावंगीकडे जाणाऱ्या रस्त्याला, एका बाभळीखाली तेच चार पत्रे पुन्हा उभे केले. गाड्या तिच्यामागे तिथं गेल्या. माझीही जाते, आता भाड्यानं का होईना, मी माझ्या मर्जीनं गाडी चालवतो.

गेल्या पावसाळ्यात मी तिच्याकडे हॉर्न दाखवायला गेलो होतो. तेवढ्यात एक पिकअप येऊन उभी राहिली आणि तिच्यातून मालकाचा पुतण्या उतरला. काचेच्या दाराचं दुकान अजून चालू होतं. गिऱ्हाइकाच्या गाडीचा अलार्म कधी वाजतो, कधी वाजत नाही, दोन दिवस शोधतोय, सापडत नाही, असं तो खाली मान घालून म्हणाला. मी उठून उभा राहिलो.

याडीनं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"बेस," ती तिच्या बोलीत म्हणाली, म्हणजे बस.

तो इकडेतिकडे पाहून मातीतच बसला, पांढऱ्या पॅन्टीसकट. तिनं त्याच्या हातात बल्ब दिला आणि तार कशी धरायची ते दाखवायला लागली. त्यानं जोड शोधला, टेप काढली, आत तोच हिरवा भुगा. मग तिनं सोल्डरची इस्त्री तापवली आणि त्याच्यापुढे धरली.

माझ्याच्यानं राहवलं नाही. "याडी, याले काहून शिकवून राह्यली? हा मले आत टाकायले निघाला होता! तुयी जागा याच्यापायी गेली!"

तिनं मान वर केली नाही. पुतण्याला विचारलं, "आजवर किती गाड्यात बसवले असे अलार्म?"

तो जोडावरचा भुगा पुसायला लागला.

"किती?"

"शंभराच्या वर असतील."

आता तिनं माझ्याकडे पाहिलं. "ऐकलं? शंभर गाड्या. त्या काय बिना ड्रायव्हरच्या हायत?"

इस्त्रीचा धूर तिच्या आणि त्याच्या मधून वर चालला होता. ती पुन्हा त्याच्याकडे वळली. "उद्या सकाळी सातपासून. रोज दोन गाड्या आण. जोड तू खोलशीन, तूच करशीन. पह्यली कोनती आनशीन ते आत्ता सांग."

पुतण्या आठवायला लागला. त्याला गाड्यांचे नंबर आठवत होते, त्या कोण चालवतं ते नाही. मला सगळं ठाऊक होतं. मालकाकडे आणखी एक पिकअप होती, त्याच पद्धतीनं तार ओढलेली, आणि तिच्यावर नुकताच एक नवा ड्रायव्हर लागला होता. आमच्याच फुलसावंगीचा, घरात दोन लहान लेकरं.

मी खाली बसलो आणि त्याचं नाव सांगितलं.